ग्लिसरिन गोठते तेव्हा

पौष-माघाच्या दिवसांत बदलापुरात पहाटेचा पारा मुंबईपेक्षा पुष्कळच खाली उतरतो. समुद्र दूर, उल्हास नदीचे खोरे मोकळे आणि पाठीशी डोंगर; त्यामुळे एखाद्या पहाटे बारा-तेरा अंशांपर्यंत थंडी पडली तर येथे कोणाला नवल वाटत नाही. अशा सकाळी न्हाणीघराच्या फळीवरची खोबरेल तेलाची बाटली घट्ट झालेली असते. कोणी ती उन्हात ठेवतो, कोणी गरम पाण्याच्या तांब्यात उभी करतो. त्याच फळीवर, तिला खेटूनच, ओठ फुटले किंवा टाचा भेगाळल्या म्हणून आणलेली ग्लिसरिनची बाटली असते. ती मात्र जशीच्या तशी वाहती असते आणि तिच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही.

वास्तविक पाहण्यासारखी बाटली तीच आहे. खोबरेल तेल चोवीस-पंचवीस अंशांच्या आसपास गोठू लागते, म्हणून ते गोठले यात विशेष काही नाही. परंतु शुद्ध ग्लिसरिनचा गोठणबिंदू सुमारे १८ अंश आहे. बाराच्या थंडीत दोघांनीही गोठावयास हवे. एक गोठते, दुसरे गोठत नाही. आपल्या गोठणबिंदूच्या खाली जाऊनही जे द्रवरूपच राहते त्याला शास्त्रात अतिशीत द्रव म्हणतात. म्हणजे प्रयोगशाळेत मोठ्या खटपटीने साधावयाची अवस्था आमच्या फळीवर फुकट साधलेली असते. ही अवस्था कशी टिकते, कशी मोडते आणि ती मोडताना आतल्या रेणूंच्या हालचालीचे काय होते, हे समजण्यास माणसांना सुमारे तीनशे वर्षे लागली. त्या समजुतीचा इतिहास येथे सांगावयाचा आहे. त्यात एक भाकडकथाही शिरलेली आहे, तिचाही समाचार घ्यावयाचा आहे.

प्रथम ग्लिसरिन म्हणजे काय ते पाहू. अल्कोहोल म्हटले की आपल्या मनात मद्य येते. परंतु रसायनशास्त्रात अल्कोहोल हे एका मोठ्या कुळाचे नाव आहे. कार्बनच्या सांगाड्याला ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी चिकटली की झाले अल्कोहोल. मद्यातल्या अल्कोहोलला अशी एक जोडी असते, ग्लिसरिनला तीन. स्वीडनचा रसायनज्ञ शेले याने १७७९ साली ऑलिव्हचे तेल मुरदाडशिंगाबरोबर तापवून हा गोड, चिकट पदार्थ प्रथम वेगळा केला. पुढे फ्रान्समधील शेव्रल याने गोड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव ठेवले. साबण करताना तो आपोआप सुटतो. या तीन जोड्या म्हणजे जणू तीन हात आहेत असे समजावे. प्रत्येक रेणू शेजाऱ्यांचे हात धरून उभा असतो. या हात धरण्याला हायड्रोजन-बंध असे म्हणतात. ग्लिसरिन बाटलीतून ओतताना धार मधासारखी जड पडते ती यामुळेच. वीस अंशांवर त्याचा चिकटपणा पाण्याच्या चौदाशे पट असतो. दहा अंशांवर तो आणखी पावणेतीन पटींनी वाढतो.

आता इतिहासाकडे वळू. अतिशीत द्रव प्रथम नीट पाहिला तो तापमापकाच्या नावाने आपल्या ओळखीच्या झालेल्या फॅरनहाइटने. १७२१ साली त्याने उकळून हवा काढलेले पाणी काचेच्या गोळ्यात बंद करून थंडीत ठेवले. पाणी गोठणबिंदूच्या पुष्कळ खाली गेले, तरी द्रवच राहिले. त्यात बर्फाचे लहान तुकडे टाकताच ते गोठू लागले आणि तापमापकातला पारा खाली जाण्याऐवजी वर चढला! गोठताना उष्णता बाहेर पडते, म्हणून पारा चढतो. १७२४ मध्ये त्याने ही हकीकत लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. द्रवाला गोठण्यास केवळ थंडी पुरत नाही, कोठून तरी आरंभ व्हावा लागतो, हे या प्रयोगाने दाखवून दिले. आमच्याकडील हलवायांना हे कोणी शिकवावे लागले नसते. खडीसाखर करणारा पाकात दोरे सोडतो, ते यासाठीच. एकदा दोऱ्यावर पहिले कण बसले की बाकीचे त्यांच्या मागून रांगेने येतात. विरजणाची उपमा येथे कोणी देईल. परंतु विरजणात जीव असतो, स्फटिकाच्या बीजात नसतो. पुढे जी भाकडकथा सांगावयाची आहे तिचा उगम नेमका हा भेद विसरण्यात आहे.

ग्लिसरिनच्या बाबतीत गंमत अशी की, शेलेनंतर जवळजवळ नव्वद वर्षे ते कोणी गोठलेले पाहिलेच नाही. थंड केले की ते दाट होई, आणखी थंड केले की काचेसारखे कडक होई. पण स्फटिक पडत नसे. १८६७ साली व्हिएन्नाहून लंडनला थंडीत पिंपांतून पाठविलेले ग्लिसरिन वाटेत गोठून स्फटिकरूप झालेले आढळले. लंडनचे रसायनज्ञ चकित झाले. त्या पिंपांना वाटेत हादरे बसले, थंडी लागली, अनेक दिवस लागले. यांतले नेमके कोणते कारण कामी आले हे कोणी सांगू शकले नाही. त्याच काळात नोबेलने ग्लिसरिनपासून डायनामाइट केले व ग्लिसरिनचा व्यापार सगळ्या जगात पसरला. पिंपे वाढली, तशी अधूनमधून कोठे तरी ग्लिसरिन गोठल्याची बातमीही येऊ लागली.

मग प्रश्न असा की, थंडी इतकी असून ते सहसा गोठत का नाही? या प्रश्नाला पहिले समाधानकारक उत्तर गुस्ताफ टामान या जर्मन रसायनज्ञाने १८९८ च्या सुमारास दिले. त्याच्या म्हणण्याचे सार असे: गोठण्याची दोन कामे आहेत. एक, बीज पडणे. दोन, पडलेले बीज वाढणे. ही दोन कामे एकाच तापमानाला जोरात होत नाहीत. बीज पडण्यास द्रव पुष्कळ खाली जावा लागतो, कारण गोठणबिंदूच्या जवळ रेणूंचे लहानसे झुबके जमतात तसे लगेच मोडतात. उलट, वाढ होण्यास रेणूंना फिरण्याची, वळण्याची मोकळीक लागते, आणि ती वरच्या तापमानाला असते. जेथे बीज पडते तेथे वाढ होत नाही, आणि जेथे वाढ होते तेथे बीज पडत नाही. ग्लिसरिन या दोन पायऱ्यांच्या मध्ये अडकलेले असते.

सकाळच्या बदलापूर लोकलने प्रवास करणाऱ्यास हे अधिक सांगावे लागणार नाही. डबा भरलेला आहे, उतरणारे दाराशी यावयास हवेत, बसणारे आत जावयास हवेत. नीट लागले तर सगळ्यांचीच सोय होईल हे प्रत्येकाला कळते. परंतु वळावयास जागा नाही! प्रत्येकाचा खांदा दुसऱ्याच्या खांद्यात अडकलेला. अशा वेळी गर्दी व्यवस्थित लागत नाही, ती आहे तशीच घट्ट होते. ग्लिसरिनच्या रेणूला तर तीन हात. स्फटिकात बसावयाचे तर त्याने आधी शेजाऱ्यांचे हात सोडले पाहिजेत, स्वतःभोवती वळले पाहिजे, आणि मग नव्या शेजाऱ्यांचे हात ठरलेल्या कोनांत धरले पाहिजेत. थंडी जशी वाढते तशी व्यवस्थित बसण्याची ओढ वाढते, हे खरे. पण त्याच थंडीने वळण्याची शक्ती कमी होते, आणि ती फार झपाट्याने कमी होते.

गोठणे म्हणजे हालचाल थांबणे अशी आपली सामान्य समजूत असते. ती अपुरी आहे. हालचाल दोन रीतींनी थांबते: एक व्यवस्थित बसून, दुसरी गोंधळातच अडकून. पहिलीचे नाव स्फटिक, दुसरीचे काच. उल्हासनगरात सिंधी घरांतून व मिठाईच्या दुकानांतून सुकामेव्याचा जो वरो मिळतो तो या दुसऱ्या प्रकारचा. साखरेचा पाक झटकन थंड होतो, साखरेच्या रेणूंना रांग लावण्यास वेळ मिळत नाही आणि वडी पारदर्शक, कुरकुरीत होते. तोच पाक बिघडून साखरला तर वरो बसका, खरखरीत होतो. म्हणून पाक साखरू नये यासाठी त्यात लिंबू पिळण्याची युक्ती घरोघरी ठाऊक असते. आणि अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर (शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०) ज्या काळ्या दगडाचे आहे तो पहिल्या प्रकारचा. लाव्हा जाड थरांत सावकाश निवत गेला, रेणूंना रांग लावण्यास अवकाश मिळाला, म्हणून तो बहुतांशी बारीक स्फटिकांचा झाला. जेथे लाव्हा एकाएकी थंड होतो तेथे काच होते. साखर आणि खडक यांच्यात आम्ही नाते लावीत आहोत असे कोणास वाटेल. पण त्यांना लागू पडणारा नियम खरोखर एकच आहे.

यानंतरची हकीकत कॅलिफोर्नियातील बर्कली येथे घडली, आणि आमच्या मते या विषयाच्या इतिहासातील सर्वांत मनोरम अशी ती हकीकत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी नर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने उष्मागतिकीचा एक नवा नियम मांडला होता. निरपेक्ष शून्य तापमानाला पदार्थातली अव्यवस्था, शास्त्रीय भाषेत एन्ट्रॉपी, नाहीशी होते, असा त्याचा आशय. पण तो स्फटिकाला लागू, की काचेलाही? गोंधळात अडकलेला द्रव शून्य तापमानालाही गोंधळलेलाच राहील की नाही? हे ठरवावयाचे तर एकच पदार्थ स्फटिकरूपात व काचरूपात असा दोन्ही रीतींनी मिळावयास हवा आणि दोहोंची उष्णता अगदी खालपर्यंत मोजावयास हवी. काच होण्यास ग्लिसरिनसारखा दुसरा पदार्थ नाही. अडचण एवढीच की, त्याचे स्फटिक कोठून आणावयाचे?

जॉर्ज गिब्सन हे अध्यापक व विल्यम जिओक हा त्यांचा तरुण विद्यार्थी यांनी हे काम हाती घेतले. नाना उपाय करूनही ग्लिसरिन गोठेना. अखेर ग्लिसरिनच्या कारखानदारांकडे चौकशी करून बीजाचे स्फटिक मिळवावे लागले, आणि ते मिळाल्यावर प्रयोग पार पडला. १९२३ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: काचरूप ग्लिसरिनची एन्ट्रॉपी निरपेक्ष शून्याजवळही स्फटिकापेक्षा अधिकच राहते. म्हणजे गोंधळ गोठतो, पण नाहीसा होत नाही. अतिशीत तापमानांवरील संशोधनाबद्दल जिओक यांना पुढे १९४९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. योगायोग असा की, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आमच्या शेजारच्या कल्याण कँपचे उल्हासनगर असे नामकरण झाले.

या निबंधात दोघांनी जाता जाता एक निरीक्षण नोंदविले आहे. बीज आल्यानंतर असे दिसले की, प्रयोगशाळेतील कोणतेही ग्लिसरिन द्रवरूप हवेच्या तापमानापर्यंत थंड करून मग दिवसभरात सावकाश गरम केले तर ते बहुधा नेहमीच गोठते. बीजाचा कणही आत जाऊ नये म्हणून कसून काळजी घेतली तरीही गोठते. केवळ तापमानाच्या हाताळणीने हवे तेव्हा स्फटिक व हवे तेव्हा अतिशीत द्रव मिळविता येतो, हेही त्यांनी लिहिले आहे. टामानचे वचन आठवले की यात गूढ काही उरत नाही. आधी खूप खाली जा, म्हणजे बीज पडेल. मग सावकाश वर या, म्हणजे ते वाढेल. पूर्वीचे लोक नुसते थंड करीत व तेथेच थांबत, म्हणून त्यांना यश येत नसे.

परंतु या चार ओळींतून एक कथा जन्माला आली. व्हिएन्नाच्या पिंपांपर्यंत जगात कोणाला ग्लिसरिन गोठविता आले नव्हते. मग एका पिंपाने ते 'शिकून' घेतले. आणि तेव्हापासून जगभरचे ग्लिसरिन, सीलबंद बाटल्यांतलेसुद्धा, आपोआप गोठू लागले, अशी ही कथा आहे. इंग्लंडचे रूपर्ट शेल्ड्रेक यांनी १९८१ मध्ये असे मत मांडले की, एखादी गोष्ट जगात एकदा घडली की ती अन्यत्र घडणे सोपे होते, कारण निसर्गाला सवय लागते. स्फटिकांचे उदाहरणही त्यांनी दिले. या मताच्या पुष्ट्यर्थ ग्लिसरिनची कथा सांगणारे पुष्कळ निघाले. आपल्याकडेही व्याख्यानांतून ती ऐकावयास मिळते, आणि सांगणारे सुशिक्षित असतात याचे आम्हांस अधिक वाईट वाटते. मूळ निबंधात 'कोणतेही ग्लिसरिन' याच्या मागे 'द्रवरूप हवेपर्यंत थंड करून मग सावकाश गरम केले तर' अशी अट आहे. कथेत ती अट गळाली आणि विज्ञानाचा चमत्कार झाला. जगातल्या ग्लिसरिनला गोठण्याची सवय लागली असती, तर त्या बातमीनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी औषधाच्या दुकानातली बाटली बदलापूरच्या थंडीत वाहती राहिली नसती.

तथापि, या कथेतील एक अंश खरा आहे आणि तो सांगितला नाही तर आम्ही अन्याय केला असे होईल. बीज खरोखरच प्रवास करते. ते इतके सूक्ष्म असते की धुळीबरोबर, कपड्यांवरून, भांड्यांच्या कडांवरून ते कोठेही जाते. १९९५ साली ड्यूनिट्झ व बर्नस्टीन या दोन रसायनज्ञांनी नाहीशा होणाऱ्या स्फटिकरूपांची अनेक उदाहरणे गोळा करून प्रसिद्ध केली. पुढे तीनच वर्षांनी, १९९८ मध्ये, एड्सवरील रिटोनाव्हिर या औषधाचे एक नवेच स्फटिकरूप उत्पादनात अचानक प्रकटले. ते कमी विरघळणारे होते, म्हणून औषध नीट लागू पडेना आणि त्या कॅप्सुला बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. ज्या कारखान्यात ते रूप पूर्वी नव्हते तेथेही ते पुढे दिसले. रोगी औषधाची वाट पाहत होते आणि कारखान्यात एका धुळीच्या कणाशी झुंज चालली होती! अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत औषधी द्रव्ये करणारे कारखाने आहेत. तेथील रसायनज्ञाला बीज टाकणे म्हणजे काय, आणि नको ते बीज टाळणे म्हणजे काय, हे रोजच्या कामातून ठाऊक असते. त्याच्या दृष्टीने हा गप्पांचा विषय नव्हे.

आता रेणूंच्या हालचालीविषयी. वळणारा रेणू कोणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. मग त्याची गती मोजली कशी? पीटर डिबाय यांनी १९१३ साली याची वाट दाखविली. ग्लिसरिनच्या रेणूच्या एका अंगास थोडी ऋण व दुसऱ्या अंगास थोडी धन वीज असते. त्याला दोन धातूच्या पत्र्यांमध्ये ठेवून उलटसुलट होणारे विजेचे क्षेत्र लावले की रेणू त्या क्षेत्राबरोबर वळू पाहतो. क्षेत्र सावकाश उलटत असेल तर तो मागोमाग वळतो. फार वेगाने उलटले तर त्याला ते साधत नाही. कोणत्या वेगापाशी तो मागे पडतो हे पाहिले की त्याचा वळण्याचा वेळ कळतो. डेव्हिडसन व कोल यांनी १९५१ साली ग्लिसरिन, प्रोपिलीन ग्लायकॉल व प्रोपॅनॉल या तीन अल्कोहोलांवर अशी मापने प्रसिद्ध केली. त्यांचे सूत्र आजही या विषयात त्यांच्याच नावाने चालते. नेहमीच्या तापमानाला ग्लिसरिनच्या रेणूला वळण्यास सेकंदाच्या अब्जांशाच्या आसपास वेळ लागतो. उणे ८३ अंशांच्या जवळ, जेथे ते काच होते, तेथे तोच वेळ शंभर सेकंदांच्या घरात जातो. शंभर अंशांच्या उतरणीत हालचाल अब्जावधी पटींनी मंदावते! काच झाली म्हणजे हालचाल संपली असे नसून, ती आपल्या धीराच्या पलीकडे गेली, इतकेच म्हणावयाचे.

विजेने अल्कोहोलाची नाडी पाहण्याची ही विद्या महाराष्ट्रातही रुजली. मराठवाडा विद्यापीठात, म्हणजे आजच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात, प्रा. सुरेशचंद्र मेहरोत्रा व त्यांचे सहकारी यांनी क्षणिक विद्युत्-स्पंद पाठवून त्याचे परावर्तन मोजण्याची पद्धत उभारली. ब्यूटिल अल्कोहोल व पाणी यांच्या मिश्रणांवरील त्यांचे काम १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचा विषय गोठणे हा नव्हता, अल्कोहोल व पाणी एकमेकांचे हात कसे धरतात हा होता. परंतु मोजण्याचे तत्त्व तेच.

गोठत असतानाच ही नाडी पाहिली तर काय दिसते? अतिशीत अल्कोहोल एका तापमानाला स्थिर ठेवून तासन् तास मापन केले की संकेताचा जोर हळूहळू ओसरताना दिसतो. कारण जो रेणू स्फटिकात बसला तो क्षेत्राबरोबर वळेनासा होतो. संकेत येतो तो उरलेल्या मोकळ्या रेणूंकडून. जोर किती ओसरला यावरून किती भाग स्फटिक झाला हे कळते, आणि उरलेल्यांची गती बदलली की नाही हेही कळते. माद्रिदच्या संशोधकांनी २००४ साली आयसोप्रोपिल अल्कोहोलावर, जे आज हात धुण्याच्या द्रवातून आपल्या घरोघरी पोहोचले आहे त्यावर, विजेचे मापन व न्यूट्रॉनांचे विवर्तन अशी दोन्ही परीक्षणे एकाच वेळी केली. न्यूट्रॉन सांगतात की स्फटिक पडला की नाही; वीज सांगते की रेणू कसे हलत आहेत. त्यांचा निष्कर्ष असा की, गोठण्याची पहिली पायरी म्हणजे हायड्रोजन-बंधांचे जाळे मोडणे. जुने हात सुटतात, मग नवी रांग लागते. आम्ही वर लोकलच्या डब्याचा दाखला दिला तो केवळ गमतीचा नव्हता, हे यावरून दिसून येईल.

शेवटी बदलापूरच्या फळीवरील बाटलीविषयी एक खुलासा करणे प्रामाणिकपणाचे होईल. ग्लिसरिन हवेतील ओलावा ओढून घेते, आणि पाणी मिसळले की त्याचा गोठणबिंदू खाली सरकतो. शेकडा पाच भाग पाणी असेल तर तो आठ अंशांच्या आसपास येतो. शेकडा दहा असेल तर शून्याच्याही खाली. म्हणून पावसाळाभर उघडझाप झालेली जुनी बाटली आमचा साक्षीदार होऊ शकत नाही. तिने गोठू नये हेच योग्य. साक्ष काढावयाची तर ताजी, सीलबंद, शुद्ध ग्लिसरिनची बाटली आणावी. आम्ही तशी एक आणली आणि उणे १८ अंशांच्या शीतपेटीत, बर्फाच्या कप्प्यात, भाद्रपदात ठेवली. माघ संपत आला आहे. काल ती आडवी करून पाहिली. आतला बुडबुडा काचेला धरून अतिशय सावकाश, मोजून पाहावे इतक्या सावकाश, वर सरकला.